हंगामाआधी आयपीएलची टीम कशी जोखायची? लिलाव, ट्रेड, बेंच आणि मोबाइलवरची पडताळणी

मार्च जवळ आला की लातूरच्या ट्यूशन एरियातली मेस असो की नांदेडमधली चहाची टपरी, एक वाद ठरलेला असतो. "यंदा आपली टीम लई भारी झालीय." "काय भारी? शेवटच्या ओव्हरी कोण टाकणार?" मग एकजण मोबाइल काढतो, कुठून तरी आलेला एक फोटो दाखवतो, दुसरा म्हणतो हा जुना आहे, आणि चहा थंड होतो.

नांदेड किंवा लातूरच्या नावाचा संघ आयपीएलमध्ये नाही. त्यामुळे आपल्याकडे कोण कुणाचा फॅन, हे ज्याचं त्यानं ठरवलेलं असतं. कुणी राज्याचा संघ म्हणून मुंबईचा, कुणी धोनीमुळे आणि आता ऋतुराज गायकवाडमुळे चेन्नईचा. नांदेडहून तर पुण्यापेक्षा हैदराबाद जवळ, त्यामुळे तिथं केशरी जर्सी दिसली तर नवल नाही. या लेखात याच तीन टीमची उदाहरणं घेतली आहेत. टीमची यादी नेमकी कशी वाचायची, कुठली माहिती खरी धरायची आणि मोबाइलवर ती कशी तपासायची, ते बघूया. यादी १६ डिसेंबर २०२५ च्या मिनी लिलावानंतरची आहे. त्यानंतर कुणी जखमी झालं किंवा बदललं असेल तर अधिकृत यादीच खरी.

२५ नावं, पण जागा किती?

वादात सगळ्यात जास्त घोळ इथंच होतो. एका टीमकडे कमीत कमी १८ आणि जास्तीत जास्त २५ खेळाडू असू शकतात. त्यात परदेशी जास्तीत जास्त ८. पण मैदानात उतरतात ११, आणि त्यात परदेशी चारच. २०२३ पासून इम्पॅक्ट प्लेअरचा नियम आला. टॉसच्या वेळी कॅप्टन अकरा नावांसोबत पाच राखीव नावं देतो आणि त्यातला एकजण सामन्यात कधीतरी कुणाच्या तरी जागी येऊ शकतो. म्हणजे प्रत्यक्षात बारा जणांचा खेळ. साधारणपणे बॅटिंगच्या वेळी एक जादा बॅट्समन आणि बॉलिंगच्या वेळी त्याच्या जागी एक बॉलर, असा हा हिशोब चालतो.

यात एक बारीक अट आहे आणि बहुतेकजण ती विसरतात. सुरुवातीच्या अकरात चार परदेशी असतील तर इम्पॅक्ट प्लेअर भारतीयच लागतो. त्यामुळे "आमच्याकडे सहा मोठे फॉरेनर आहेत" असं कुणी म्हणालं की विचारायचं, त्यातले बाहेर बसणार कोण?

म्हणून नुसती नावं मोजू नका, जागा मोजा. ओपनर दोन, विकेटकीपर एक, मधल्या फळीत फिरकी खेळणारा कोण, सोळाव्या ते विसाव्या ओव्हरमध्ये बॉल कुणाच्या हातात? कागदावर अशा बारा जागा लिहा आणि प्रत्येक जागेपुढे पहिलं नाव आणि तो नसेल तर दुसरं नाव टाका. गूगल शीट्समध्ये हे दहा मिनिटांत होतं. दुसऱ्या नावाचा रकाना जिथं रिकामा राहतो, तिथं टीम कच्ची आहे.

यादी बनते कशी?

तीन रस्ते आहेत: रिटेन्शन, लिलाव आणि ट्रेड. रिटेन्शन म्हणजे खेळाडू आपल्याकडेच ठेवणं. २०२५ च्या हंगामाआधी मेगा लिलाव झाला, २४ आणि २५ नोव्हेंबर २०२४ ला सौदी अरेबियातल्या जेद्दाहमध्ये. तेव्हा प्रत्येक टीमला जास्तीत जास्त सहाजण राखता येत होते, थेट रिटेन करून किंवा लिलावात राइट टू मॅच कार्ड वापरून. खर्चाची मर्यादा होती १२० कोटी. त्याच लिलावात लखनौनं ऋषभ पंतला २७ कोटींना घेतलं.

मधल्या वर्षांत मिनी लिलाव असतो. त्यात टीम नको असलेल्यांना सोडते, बाकीचे आपोआप राहतात आणि रिकाम्या जागा भरल्या जातात. राइट टू मॅच इथं नसतं. २०२६ साठी मर्यादा १२५ कोटी झाली आणि अबू धाबीतल्या लिलावात कोलकात्यानं कॅमरून ग्रीनवर २५.२० कोटी लावले. यातली गंमत अशी, की मिनी लिलावात परदेशी खेळाडूला जास्तीत जास्त १८ कोटीच मिळतात. वरची रक्कम बीसीसीआयच्या खेळाडू कल्याणासाठी जाते. टीमच्या खिशातून मात्र पूर्ण २५.२० कोटी गेलेच. त्यामुळे "ग्रीनला २५ कोटी मिळाले" आणि "कोलकात्यानं २५ कोटी घालवले" ही दोन वाक्यं एक नाहीत.

तिसरा रस्ता ट्रेड, म्हणजे दोन टीमनी आपसात केलेली अदलाबदल किंवा रोख व्यवहार. यात खेळाडूची संमती लागते. नोव्हेंबर २०२५ मध्ये असा एक व्यवहार झाला की चेन्नईवाल्यांना पटता पटत नव्हता: रवींद्र जडेजा आणि सॅम करन राजस्थानला गेले आणि संजू सॅमसन चेन्नईत आला.

हैदराबाद: चार खुर्च्यांचं कोडं

परदेशी खेळाडूंची जागा समजून घ्यायला हैदराबादसारखं उदाहरण नाही. मेगा लिलावाआधीच त्यांनी पाचजणांवर ७५ कोटी बांधले: हाइनरिक क्लासेन २३, पॅट कमिन्स १८, अभिषेक शर्मा आणि ट्रॅव्हिस हेड प्रत्येकी १४, नितीशकुमार रेड्डी ६. आता मिनी लिलावात लियम लिव्हिंगस्टोनला १३ कोटींना घेतलं.

मोजा आता. हेड, क्लासेन, लिव्हिंगस्टोन, कमिन्स. चार झाले. ईशान मलिंगा, ब्रायडन कार्स, कामिंदू मेंडिस यांच्यासाठी खुर्चीच शिल्लक नाही. म्हणजे सगळे फिट असतील तर फास्ट बॉलिंगमध्ये परदेशी फक्त कमिन्स, आणि तोही कॅप्टन. त्याच्या पाठीच्या दुखण्यामुळे २०२५ च्या अखेरच्या अ‍ॅशेस मालिकेतल्या बहुतेक कसोटी त्याला बाहेरून बघाव्या लागल्या. त्यात मोहम्मद शमी १० कोटींच्या ट्रेडमध्ये लखनौला गेलेला.

म्हणून हैदराबादच्या फॅननं "तीनशे मारणार का" यावर घसा कोरडा करण्यापेक्षा एक साधा प्रश्न विचारावा: कमिन्स नसेल त्या दिवशी त्या खुर्चीत बॉलर बसवणार की नाही? बसवला तर मलिंगा की कार्स? आणि बसवला नाही तर वीस ओव्हर टाकणार कोण? माझ्या मते या टीमचा हंगाम हेडच्या बॅटपेक्षा या उत्तरावर जास्त अवलंबून आहे.

मुंबई: पैसे नव्हते, तरी भोकं बुजवली

मुंबई मिनी लिलावात उतरली तेव्हा खिशात २.७५ कोटी होते आणि जागा पाच, त्यात परदेशी एकच. कारण उघड आहे. बुमराह १८ कोटी, सूर्यकुमार आणि हार्दिक प्रत्येकी १६.३५, रोहित १६.३०, तिलक वर्मा ८. हा गाभा मेगा लिलावाआधीच बांधला होता आणि तो मोडला नाही.

मग त्यांनी लिलावाआधीच ट्रेडचा बाजार केला. लखनौकडून शार्दूल ठाकूर २ कोटींना, गुजरातकडून शेरफन रदरफर्ड २.६० कोटींना, कोलकात्याकडून मयंक मार्कंडे ३० लाखांना. आणि लिलावात क्विंटन डी कॉक मिळाला एक कोटीत. २०१९ आणि २०२० ची विजेतेपदं मुंबईनं जिंकली तेव्हा ओपनर-कीपर हाच होता. आमच्या मते हा लिलावातला सगळ्यात शहाणा सौदा.

पण वाद संपत नाही, उलट इथूनच सुरू होतो. रायन रिकल्टनसुद्धा डावखुरा ओपनर आणि कीपरच. रोहित ओपनिंगलाच येणार. मग एक कोटीचा डी कॉक बेंचवर की २०२५ मध्ये चांगला खेळलेला रिकल्टन? दोघांना खेळवलं तर परदेशी दोन जागा गेल्या. तिसरी ट्रेंट बोल्टची, चौथीसाठी सँटनर, विल जॅक्स, रदरफर्ड, कॉर्बिन बॉश सगळे रांगेत.

एकाच प्रकारचे दोन खेळाडू घेणं चुकीचं वाटतं, पण २०२५ आठवा. रिकल्टन आणि जॅक्स दोघंही आपापल्या देशाकडून खेळायला गेले आणि प्लेऑफमध्ये मुंबईला जॉनी बेअरस्टो वगैरे बदली माणसं आणावी लागली. परदेशी खेळाडू शेवटच्या आठवड्यापर्यंत थांबणार का, हे हंगामाआधी विचारायलाच हवं. त्यासाठी त्या देशाच्या क्रिकेट बोर्डाचं एप्रिल-मे-जूनचं वेळापत्रक बघा. रील बघून हे कळत नाही.

चेन्नई: जडेजा गेला, मग?

२०२५ मध्ये चेन्नई पहिल्यांदाच गुणतक्त्यात तळाला राहिली. १४ पैकी ४ सामने जिंकले. ऋतुराज कोपराच्या दुखापतीनं एप्रिलमध्येच बाहेर पडला, धोनी परत कॅप्टन झाला. यातून एक चांगली गोष्ट निघाली. ऋतुराजच्या जागी बदली म्हणून आलेला सतरा वर्षांचा विरारचा आयुष म्हात्रे. तो मेगा लिलावात कुणी घेतला नव्हता, आणि बंगळुरूविरुद्ध त्यानं ९४ मारले. एप्रिलआधीच्या कुठल्याही यादीत त्याचं नाव नव्हतं, हे लक्षात ठेवा.

आता चेन्नईनं ४३.४० कोटी घेऊन मिनी लिलाव गाठला आणि त्यातले २८.४० कोटी दोन नवख्या पोरांवर लावले. उत्तर प्रदेशचा प्रशांत वीर १४.२० कोटी, राजस्थानचा कार्तिक शर्मा १४.२० कोटी. दोघांची मूळ किंमत ३० लाख. आंतरराष्ट्रीय क्रिकेट न खेळलेल्या भारतीयासाठी ही विक्रमी रक्कम. प्रशांत वीर डावखुरा स्पिनर आणि मागे येऊन मारणारा, म्हणजे जडेजाची जागा कुणासाठी रिकामी केली ते सरळ दिसतं. पण जडेजाची जागा घेणं आणि जडेजा होणं यात किती अंतर आहे, ते चेपॉकवरच कळेल.

दुसरा घोळ कीपरचा. धोनी, सॅमसन, कार्तिक शर्मा, उर्विल पटेल. एका टीममध्ये चार विकेटकीपर! धोनी ४४ वर्षांचा आहे आणि पाच वर्षांत आंतरराष्ट्रीय सामना न खेळल्यामुळे २०२५ साठी त्याला 'अनकॅप्ड' म्हणून ४ कोटींत ठेवता आलं होतं. तो खेळला तर ग्लोव्ह्ज कुणाकडे, आणि इम्पॅक्ट प्लेअर म्हणून येणार का, यावर मेसमध्ये दोन तास सहज जातात. जाऊ द्या.

आपल्या भागातलं पोरगं यादीत आलं म्हणजे?

लातूरच्या शेजारच्या धाराशिव जिल्ह्यातल्या तुळजापूरचा राजवर्धन हंगरगेकर. २०२२ चा १९ वर्षांखालील विश्वचषक जिंकलेल्या भारतीय संघात तो होता, आणि त्याच वर्षी चेन्नईनं त्याला दीड कोटींना घेतलं. मूळ किंमत होती ३० लाख. आपल्याकडे तेव्हा स्टेटसचा पाऊस पडला. पण २०२२ च्या हंगामात त्याला एकही सामना मिळाला नाही. ३१ मार्च २०२३ ला हंगामाच्या पहिल्याच सामन्यात अहमदाबादला पदार्पण झालं, गुजरातविरुद्ध ३६ धावांत ३ बळी. त्या हंगामात त्याला मिळाले एकूण दोन सामने. पुढं २०२५ च्या मेगा लिलावात लखनौनं ३० लाखांना घेतलं आणि २०२६ आधी सोडलं.

अंबाजोगाईचा दिग्विजय देशमुख मुंबईनं २०२० च्या हंगामासाठी २० लाखांना घेतला होता. 'काय पो छे' सिनेमात लहान अली झालेला तोच हा. आयपीएलमध्ये त्याला सामना मिळाला नाही.

ही उदाहरणं कुणाला कमी लेखायला नाहीत. नांदेड-लातूरचा मुलगा महाराष्ट्र क्रिकेट असोसिएशनच्या निवड चाचण्यांतून, पुण्याच्या रस्त्यानं वर जातो. २०२३ मध्ये महाराष्ट्र प्रीमियर लीग सुरू झाली तेव्हा छत्रपती संभाजी किंग्ज हा मराठवाड्याच्या नावाचा संघ होता आणि हंगरगेकरच त्याचा आयकॉन खेळाडू होता. अशा मुलाचं नाव यादीत दिसलं की आनंद करायचाच. पण वादात त्याला घ्यायचं असेल तर प्रश्न हा: त्याच्या जागेवर पुढं किती जण आहेत? चेन्नईत हंगरगेकरच्या पुढं दीपक चहर, तुषार देशपांडे आणि शिवाय परदेशी फास्ट बॉलर होते. बेंचवर बसलेला पोरगा वाईट नसतो, रांगेत असतो.

मोबाइलवर यादी तपासायची कशी?

पहिलं ठिकाण आयपीएलची अधिकृत वेबसाइट, आयपीएलटी२० डॉट कॉम, आणि तिचं अ‍ॅप. तिथं टीमच्या पानावर सध्याचे खेळाडू दिसतात. जुना हंगाम निवडलेला नाही ना, ते वरचं वर्ष बघून खात्री करा. आकड्यांसाठी ईएसपीएन क्रिकइन्फो आणि क्रिकबझ पुरेसे आहेत.

व्हॉट्सअ‍ॅपवर आलेल्या पोस्टरचं काय? मेसेजवर दुहेरी बाण आणि 'अनेक वेळा फॉरवर्ड केलेला' असं लिहिलेलं असेल तर तो किती हातांतून आलाय ते कळतंच. फोटो गूगल लेन्समध्ये टाका. तोच फोटो दोन वर्षांपूर्वीच्या बातमीत सापडला तर विषय संपला. ट्रेडच्या पोस्टरवर एक सोपी कसोटी: खरा ट्रेड दोन्ही टीमच्या निळ्या टिकच्या अकाउंटवर आणि आयपीएलच्या निवेदनात येतो. एकाच फॅन पेजवर असेल तर ती अफवा समजा, मग लोगो कितीही चकचकीत असो.

गूगलवर शोधताना निकालांच्या वर 'टूल्स' किंवा सरकवत गेल्यावर येणारा कालावधीचा पर्याय निवडून 'गेला आठवडा' करा. नाहीतर २०२४ चा लेख पहिला येतो आणि तुम्ही जडेजाला परत चेन्नईत बसवता.

एआय चॅटबॉटचा घोळ वेगळाच आहे. चॅटबॉट एका ठराविक तारखेपर्यंतच्या मजकुरावर तयार झालेला असतो. त्यानंतरचं त्याला आपोआप माहीत नसतं, इंटरनेटवर शोधायची सोय चालू असेल तरच कळतं. आणि माहीत नसलं तरी तो थांबत नाही, अगदी ठामपणे जुनी टीम सांगतो. म्हणून विचारताना "आज वेबवर शोधून, लिंकसह सांग" असं लिहा आणि ती लिंक स्वतः उघडून तारीख बघा. लिंक न देता दिलेली यादी वादात पुरावा म्हणून धरू नका.

आकडा दाखवणाऱ्याला काय विचारायचं?

"त्याचा स्ट्राइक रेट १६० आहे!" बरं. किती बॉलवर? कुठल्या स्पर्धेत? पहिल्या सहा ओव्हरमध्ये फक्त दोन फिल्डर बाहेर असतात तेव्हाचा १६० आणि शेवटच्या चार ओव्हरमधला १६० एक नाही. बॉलरचंही तसंच. शेवटी बॉलिंग करून ओव्हरला ९ धावा देणारा पुष्कळदा मधल्या ओव्हरमध्ये ७ देणाऱ्यापेक्षा मोलाचा असतो. दोन-तीन सामन्यांच्या आकड्यावरून तर काहीच ठरवू नका.

अंदाज बांधलाय, मग पैसे लावू का?

नाही. २०२५ चा ऑनलाइन गेमिंगचा कायदा संसदेत मंजूर झाला आणि २२ ऑगस्ट २०२५ ला राष्ट्रपतींची मंजुरी मिळाली. पैसे लावून खेळायचे ऑनलाइन गेम, त्यांची जाहिरात आणि त्यासाठी पैशांचे व्यवहार, तिन्हींवर बंदी आहे. असा गेम चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड होऊ शकतो. या कायद्यानंतरच ड्रीम११ नं पैशांच्या स्पर्धा बंद केल्या.

पण टेलिग्रामवर "फिक्स टीम, गॅरंटी" म्हणणारे आणि प्ले स्टोअरबाहेरची एपीके फाइल पाठवणारे संपलेले नाहीत. ती फाइल टाकली की एसएमएस वाचायची परवानगी मागते, आणि एसएमएसमध्येच बँकेचा ओटीपी येतो. मेसचे, रूमभाड्याचे पैसे असे गेल्यावर घरी सांगायची लाज वाटते आणि तिथंच वेळ जातो. पैसे गेले तर लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन करा. जितक्या लवकर कळवाल तितकी रक्कम अडवली जाण्याची शक्यता जास्त.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

लिलावानंतर टीम बदलू शकते का?
हो. लिलावानंतरही काही काळ ट्रेड होतात, आणि खेळाडू जखमी झाला किंवा आला नाही तर बदली घेता येतो. बदली माणसाला मूळ खेळाडूपेक्षा जास्त पैसे देता येत नाहीत.

महागडा खेळाडू म्हणजे पक्का अकरात?
नाही. लिलावात किंमत गरजेनं आणि समोरच्याच्या हट्टानं चढते. २०२५ मध्ये कोलकात्यानं २३.७५ कोटी दिलेल्या व्यंकटेश अय्यरला एका हंगामानंतर सोडलं.

ग्रुपमधला वाद पुढं आठवणीत कसा ठेवायचा?
व्हॉट्सअ‍ॅप पोल टाका, त्यात १२ पर्यंत पर्याय देता येतात. पहिल्या चार टीम कोणत्या, तळाला कोण. पण पोलमध्ये मत नंतर बदलता येतं, आणि मे महिन्यात सगळेच बरोबर निघतात. म्हणून पहिल्या सामन्याच्या टॉसआधी कुणी कुणाला मत दिलं त्याचा स्क्रीनशॉट काढून ग्रुपमध्ये टाका.

नीटची परीक्षा आणि आयपीएल एकत्र आले तर?
नीट मेच्या सुरुवातीला असते, आणि तेव्हा लीगचे सामने ऐन रंगात येतात. स्कोअरचं नोटिफिकेशन फक्त विकेट आणि निकालापुरतं ठेवा, बाकी बंद. प्लेऑफ परीक्षेनंतरच असतात.